प्रकल्प नोंदी: ठोसा, गुद्दा, धपाटा आणि बाकीची मंडळी

३ जून

सबटायटलवाल्या गटासाठी मारामारीच्या शब्दांचं शीट करायला घेतलंय. कारण असं की जुन्या फाइली चाळल्या तर पडद्यावर काहीही चालू असो खाली एकच ओळ, "त्याने तिला मारलं", "त्याने त्याला मारलं", आई पोराच्या पाठीत घालतेय तरी मारलं, गुंड कोणाचं नाक फोडतोय तरी मारलं, मित्र मित्राला कोपराने ढोसतोय तरी मारलंच. फारच झालं तर "ठोसा". आणि हे मराठीत, जिथे दोन माणसं नुसती भांडायला उभी राहिली तरी बाचाबाची, हमरीतुमरी, धक्काबुक्की, झोंबाझोंबी, गुद्दागुद्दी, हाणामारी असा जिना तयार असतो आणि कुठल्या पायरीवर कोण आहे ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

कॉलम सध्या असे: शब्द, लिंग, कशाने, कुठे, किती जोरात, सोबत येणारं क्रियापद. आज फक्त डोक्यातलं ओतून ठेवलं, क्रम नाही काही नाही: ठोसा गुद्दा बुक्की मुटका चापट थप्पड झापड चपराक धपाटा रपाटा रट्टा फटका टोला दणका तडाखा टपली टप्पल टिचकी लाथ ढुशी कोपरखळी. घाव आणि वार पण टाकलेत पण ते हत्याराचे आहेत, नंतर बघू.

५ जून

मुठीपासून सुरुवात. मूठ म्हणजे संस्कृत मुष्टी, कंसाच्या पदरी असलेल्या दोन मल्लांपैकी एकाचं नावच मुष्टिक, बलरामाने त्याला संपवला आणि चाणूरला कृष्णाने. म्हणजे मुठीने मारणं आपल्याकडे फार जुनं, तरी रोजच्या बोलण्यात "मुष्टिप्रहार" कोणी म्हणत नाही, म्हटलं तर चेष्टेत.

ठोसा आणि गुद्दा एकच का, हा प्रश्न गटात लगेच आला. माझ्या मते नाही. ठोसा समोरून सरळ येतो, बोटांच्या पेरांचा पुढचा भाग लागतो, जागा तोंड, नाक, जबडा, छाती. गुद्दा जवळून बसतो, पाठीत किंवा पोटात, आणि पाठीत असेल तर बहुतेक वेळा वरून खाली, मुठीची करंगळीकडची मांसल बाजू आपटते. मुद्दाम आरशासमोर दोन्ही करून बघा, ठोशाला कोपर सरळ होत जातं, पाठीतल्या गुद्द्याला कोपर वाकलेलंच राहतं आणि मनगट दगड ठेवल्यासारखं खाली येतं. मारणाऱ्याच्या दृष्टीने गुद्दा सुरक्षित पण आहे. हातमोजा नसलेल्या मुठीने कोणाच्या कवटीवर किंवा जबड्यावर ठोसा हाणला तर बरेचदा हाणणाऱ्याचंच हाड जातं, करंगळीच्या मुळाशी तळहातात जे लांब हाड आहे ना त्याची मान मोडते, डॉक्टर लोक त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. गंमत म्हणजे कसलेला बॉक्सर पहिल्या दोन पेरांवर मारतो त्यामुळे त्याला ते कमी होतं, भिंतीवर राग काढणाऱ्याला जास्त.

बुक्की ही ह्या दोघांच्या मधली, आकाराने लहान वाटते, नाकावर बसते, पाठीत पण बसते. एकटी असेल तर लहान पोरांची, अनेकवचनात मात्र जीवघेणी, "लाथाबुक्क्या". आणि "तोंड दाबून बुक्क्यांचा मार" ही म्हण तर सगळ्यांना पाठ, तिथे ठोसा घालून बघा, म्हण मरते. मुटका आता फारसा ऐकू येत नाही, कॉलममधे "जुना" असा टॅग लावला.

बॉक्सिंगचं काय करायचं ते पण आजच ठरवून टाकलं. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट हे तसेच ठेवायचे, देवनागरीत. कोणीतरी "आडवा ठोसा", "उर्ध्व ठोसा" सुचवलं होतं. नको. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून हा खेळ हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा आकडे अशा आखीव चौकटीत आहे आणि ते शब्द त्या चौकटीचे आहेत. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ आणि झटपट, क्रॉस मागच्या हाताचा, कंबर फिरवून आलेला, हुक कोपर वाकवून बाजूने, अपरकट खालून हनुवटीकडे. रिंगमधला माणूस अपरकट मारतो. दारूच्या अड्ड्यावरचा माणूस खालून हनुवटीवर ठेवून देतो. हात तोच, सबटायटल वेगळं.

६ जून

तळहात. चापट, थप्पड, झापड, चपराक, धपाटा. संस्कृतात चपेट म्हणजे उघड्या हाताचा फटका, चापट त्याच घरातली. धपाटा फक्त पाठीत (लहान मूल असेल तर ढुंगणावर चालतो), गालावर धपाटा कधीच नाही. रपाटा पण पाठीचाच पण त्यात माया शून्य.

९ जून

आज तोंडावर काम केलं आणि शीट भरून वाहायला लागलं. कारण मराठीत गालावर मारायचं असेल तर बरेचदा माराचं नाव घेतच नाहीत, जागेचं घेतात. थोबाडीत, मुस्काटात, कानफटात, कानशिलात, गालफडात, कानाखाली, तोंडात. "दिली थोबाडीत", संपलं, काय दिली ते सांगायची गरज नाही. वर "श्रीमुखात भडकावली" आहेच, आधी श्री लावून मान द्यायचा आणि मग भडकवायची, हा खास आपला खवचटपणा.

त्यात पण प्रत्येकाचा दर्जा वेगळा. तोंडात मारली हे साधं निवेदन. कानशिलात लगावली हे वर्तमानपत्री, सभ्य, नेत्याने कार्यकर्त्याच्या कानशिलात लगावली असं छापून येतं. मुस्काटात आणि थोबाडीत ह्यांत समोरच्याची किंमत आधीच काढलेली असते, कारण थोबाड हा शब्द कोणी आदराने वापरत नाही, "थोबाड दाखवू नकोस" म्हणतात, "आपलं थोबाड छान आहे" म्हणत नाहीत. म्हणजे हात पोचायच्या आधी अपमान पोचलेला असतो.

आणि धमक्या. ह्या सगळ्या जागा धमकीत येतात तेव्हा भविष्यकाळ प्रथमपुरुषी, ठरलेला साचा: कानाखाली जाळ काढीन, कानाखाली आवाज काढीन, मुस्काट फोडीन, दात घशात घालीन, तंगडं तोडीन, टाळकं फोडीन, पाठ सोलून काढीन. ह्यातलं निम्मं शरीरशास्त्राच्या दृष्टीने अशक्य आहे आणि म्हणूनच धमकी म्हणून उत्तम. सबटायटलमधे ह्यांचं "मी तुला मारेन" करणाऱ्याला खरं तर... असो. वेगळा टॅब केला, "धमकी". तिथे "जोर" हा कॉलमच नाही, कारण मार पडतच नाही.

१० जून

कालच्यातून एक कामाची गोष्ट निघाली. "एक ठेवून दिली", "एक लगावली", "एक वाजवली", "दोन हाणल्या". नाम कुठे आहे? गायब. पण क्रियापद स्त्रीलिंगी आहे म्हणजे गाळलेला शब्द थप्पड नाहीतर चापट नाहीतर चपराक, आणि जागा आपोआप गाल. आता फक्त लिंग बदला: "एक ठेवून दिला". लगेच हात गालावरून पाठीत जातो, कारण धपाटा, रट्टा, गुद्दा सगळे पुल्लिंगी. एक मात्रा बदलली की मार दुसरीकडे पडतो!

अपवाद आहेत. लाथ स्त्रीलिंगी आहे, बुक्की आहे, टपली आहे, पण लाथेसाठी "एक घातली" म्हणताना पुढे "कमरेत" किंवा "पेकाटात" येतं, नुसतं "एक घातली" ऐकलं तर आधी गालच आठवतो. म्हणून लिंगाचा कॉलम, जो मी नुसता रीत म्हणून ठेवला होता, तो आता पहिल्या रांगेत आणला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत प्रत्येक नामापुढे लिंग दिलेलं आहे त्यामुळे जिथे शंका होती तिथे ताडून घेता आलं.

सबटायटलवाल्यांना ह्याचा फायदा असा की एका ओळीत साधारण ४०-४२ अक्षरं मावतात, त्यात "त्याने त्याच्या गालावर जोरात थप्पड मारली" लिहायला गेलं की अख्खी ओळ भरते. "एक ठेवून दिली" मधे सगळं येतं, गाल, तळहात, आणि मारणाऱ्याचा ठामपणा सुद्धा, कारण "ठेवून देणे" मधे घाई नाही, हात उगारून शांतपणे काम पूर्ण केल्याचा भाव आहे.

१३ जून

लहान मार. हे सगळ्यात दुर्लक्षित आणि मला सगळ्यात आवडलेलं काम.

टिचकी: मधलं बोट अंगठ्यामागे अडकवून सोडायचं, नखाचा भाग लागतो. कॅरमचा स्ट्रायकर, कानाची पाळी, शर्टावर बसलेला किडा. एक काळ मराठी संकेतस्थळांवर "इथे टिचकी मारा" लिहायची पद्धत होती, क्लिकसाठी, अजूनही कुठे कुठे दिसतं आणि शब्द चपखलच आहे, फक्त आता स्क्रीनला नुसतं बोट टेकवतात, त्याला टिचकी म्हणायचं का ह्यावर गटात उगाच अर्धी संध्याकाळ गेली.

टपली डोक्यावर, बोटांच्या टोकांनी. टप्पल पण डोक्यावरच पण डोक्याच्या मागच्या बाजूला जास्त आणि थोडी जड, मारणारा बहुतेक मोठा भाऊ, मामा किंवा वर्गातला मागच्या बाकावरचा. टपल्या मारणे म्हणजे सतत छळणे असाही अर्थ होतो.

धप्पा: हा सगळे विसरलेच होते. लपाछपीत राज्य असलेल्याच्या पाठीवर मागून येऊन हात ठेवायचा आणि ओरडायचं. जोर जवळपास नाही, परिणाम मोठा, परत राज्य घ्यावं लागतं. धपाट्याचा सख्खा भाऊ दिसतो, आवाज तोच, पाठ तीच.

थाप: पाठीवर शाबासकीची, दारावर, तबल्यावर डग्ग्यावर, आणि थापा मारणे म्हणजे खोटं बोलणे. त्याच्या शेजारी थापटणे, ते भाकरीचं आणि शेणाच्या गोवऱ्यांचं, आणि त्याच्या शेजारी थोपटणे, ते झोपणाऱ्या बाळाचं. आता थोपटणं हा मार आहे का? हात वर जातो, खाली येतो, अंगावर पडतो, आवाज पण होतो. शीटच्या व्याख्येत बसतो! ठेवला. जोराच्या कॉलममधे शून्य. पण मग "दंड थोपटणे" येतं आणि त्यात बाळ नाही, आव्हान आहे, पैलवान "शड्डू ठोकतो" तसंच, स्वतःच्याच अंगावर मारून समोरच्याला सांगायचं की ये. म्हणून अजून एक गट उघडला, स्वतःला मारणे: कपाळावर हात मारून घेणे, ऊर बडवणे, तोंडात मारून घेणे, स्वतःची पाठ स्वतःच थोपटणे.

१४ जून

दिवसभर दुसरं काम. फक्त झापडला टीप जोडली की डोळ्यावर येते ती झापड वेगळी, फिल्टर लावताना गोंधळ व्हायला नको.

१७ जून

आवाज. ऑडिओ वर्णन करणाऱ्यांनी (अंध प्रेक्षकांना पडद्यावरचं बोलून सांगतात ते) पण शीट मागितलंय म्हणून हा टॅब नीट केला. एकदाच झालेल्याला "कन": खाडकन, फाडकन, धपकन, सपकन, टपकन, दाणकन. परत परत झालेल्याला दुप्पट: सपासप, धपाधप, फटाफट, दणादण, सटासट.

आणि हे कुठेही कोणालाही लावता येत नाहीत. गाल असेल तर खाडकन किंवा फाडकन. पाठ असेल तर धपकन, धबकन. छडी, वेत, फोक असेल तर सपकन, सपासप, कारण लागायच्या आधी हवा कापल्याचा स आहेच त्यात. डोकं भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला आपटलं तर दाणकन, नाहीतर थाडकन. टपली असेल तर टपकन. मोठ्याने म्हणून बघितलं तर दिसतं की गालाच्या आवाजात ड आहे, जीभ टाळ्यावर आपटते आणि कोरडा तडा गेल्यासारखं होतं, पाठीच्या आवाजात शेवटी ओठ मिटतात, प नाहीतर ब, म्हणजे पोकळ आणि दबलेलं. बरगड्यांच्या पिंजऱ्यावर उघडा हात पडला की खरंच तसाच घुमतो. कोणी बसून ठरवलेलं नाही हे, तरी "धपकन थोबाडीत दिली" असं लिहिलं तर दहातले दहा वाचणारे अडखळतील.

एक सावधगिरीची टीप घातली: फटाफट, दणादण, सटासट हे आता "पटकन" ह्या अर्थानेच जास्त चालतात. "फटाफट दोन मारल्या" मधे आवाज ऐकू यायचा की वेग, ते संदर्भावर.

२१ जून

"किती जोरात" हा कॉलम मागे ढकलला. एक ते पाच आकडे देत होतो पण आकडे काही सांगत नव्हते. उदाहरण जोडे मारो आंदोलन. फोटोला जोडे मारतात, कागदाला! दुखापत शून्य, आणि ज्याचा फोटो आहे तो माणूस कदाचित दुसऱ्या शहरात चहा पीत बसलाय, तरी ह्याहून मोठा अपमान सहसा करत नाहीत. उलट मायेचा धपाटा कितीही सणसणीत बसला, पाठीवर पाच बोटं उठली तरी तो मायेचाच, दुसऱ्या दिवशी सांगताना माणूस हसून सांगतो.

म्हणून नवीन कॉलम: कोण, कोणाला. आणि हा टाकल्यावर निम्मे शब्द आपोआप जागेवर बसले. धपाटा वरून खाली येतो, आई, आजी, मावशी, ताई, कधी बाई म्हणजे शाळेतल्या. पोरगं आईला धपाटा मारत नाही, मारलंच तर ते "हात उचलला", आणि "हात उचलणे" ह्यात मार किती होता ते कोणी विचारत नाही, उचलला एवढंच पुरे. टप्पल पण वरून खाली. कोपरखळी बरोबरीच्यांत, शेजारी शेजारी बसलेल्यांत. चपराक देणारा कायम वरचा, वयाने नाहीतर अधिकाराने, म्हणून खालच्याने वरच्याला दिली तर ती बातमी होते. लाथ मात्र कशीही जाते पण मारणाऱ्याने समोरच्याला माणसातून काढलेलं असतं, त्यामुळे "नोकरीला लाथ मारली", "ताटाला लाथ मारली" हे चालतं, "दुभत्या गाईच्या लाथा गोड" चालतं. नोकरीला ठोसा कोणी मारत नाही.

बॉक्सिंगमधे हे सगळं नाहीच. तिथे दोघंही बरोबरीचे, वजन मोजून बरोबरीचे केलेले. म्हणून त्यांची भाषा फक्त हाताच्या आकाराची आणि दिशेची असते आणि आपली घरातली भाषा नात्याची. सबटायटल करणाऱ्याने आधी हे बघावं की मारणारा कोण आहे, हात नंतर बघावा. गटात हे लिहिलं तर एका ताईंनी विचारलं, "मग दोन अनोळखी माणसं रस्त्यावर भांडली तर?" चांगला प्रश्न होता. तिथे ठोसा, लाथ, बुक्की, हेच शिल्लक राहतात, म्हणजे नातं नसलेले शब्द. आणि ते बरोबरच आहे.

२४ जून

वर्तमानपत्रांचे मथळे. दोन संध्याकाळी फक्त मथळे वाचले आणि मजा आली. मथळ्यांत मार वाटून दिलेले आहेत, कोणी कोणाचं घेत नाही. तडाखा निसर्गाचा, अवकाळीचा तडाखा, वादळाचा तडाखा, उन्हाचा तडाखा. फटका पैशाचा आणि वेळेचा, महागाईचा फटका, संपाचा फटका, प्रवाशांना फटका. चपराक न्यायालयाची. दणका पण न्यायालयाचा किंवा पालिकेचा किंवा आयोगाचा. धक्का निवडणुकीत, बालेकिल्ल्यात. झटका विजेचा, हृदयाचा, आणि हल्ली दरवाढीचा. टोला एका नेत्याने दुसऱ्याला हाणायचा, चिमटा काढायचा, कोपरखळी मारायची, ह्या तिघांत हात कुठेच वापरलेला नसतो. पक्षांतर्गत असेल तर लाथाळी. टीकेचे असतील तर आसूड आणि कोरडे, आणि ते मारत नाहीत, ओढतात.

अदलाबदल करून बघितली. "अवकाळीची चपराक" होत नाही. का? चपराकीला गाल लागतो आणि कान उघडायचा हेतू लागतो, पावसाला शेतकऱ्याला काही शिकवायचं नसतं. "न्यायालयाचा फटका" पण विचित्र, कारण फटक्यामागे मारणारा असावाच लागत नाही, फटका नुसता बसतो. म्हणजे बघा, "फटका बसला" मधे कोणी मारलं हा प्रश्नच येत नाही आणि क्रिकेटमधे "फटका मारला" म्हटलं की सगळं कौतुक मारणाऱ्याचं. एकच शब्द, एकदा नुकसान, एकदा चौकार.

हा "बसणे" प्रकार लहान मुलं फार हुशारीने वापरतात. "मला बाईंकडून बसली" म्हणजे मी काय केलं होतं ते विचारू नका. "बाईंनी मला मारलं" म्हणजे तक्रार आहे. क्रियापदांच्या कॉलमचे म्हणून दोन भाग केले, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची: देणे, घालणे, हाणणे, लगावणे, भडकावणे, ठेवून देणे, ओढणे एका बाजूला, बसणे, पडणे, मिळणे, खाणे, सोसणे, चुकवणे दुसऱ्या.

२५ जून

पोलिसी मराठी. फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं असतं: "फिर्यादीस शिवीगाळ, दमदाटी करून हाताचापटीने व लाथाबुक्क्यांनी मारहाण केली." हाताचापटीने हा शब्द घरात कोणी बोलत नाही, फक्त तिथेच जिवंत आहे. कोर्टाचे सीन असलेल्या मालिकांना उपयोगी म्हणून पूर्ण वाक्यासकट घेतला.

मात्र कायद्याला ह्या शब्दांशी घेणंदेणं नाही, त्याला परिणाम आणि साधन हवं. साधी दुखापत आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ खाली शिक्षेला पात्र होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ११५(२). हत्यार असेल तर वेगळं कलम. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं त्याची यादी आहे, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं त्यात येतं, आणि पूर्वी वीस दिवस रोजचे व्यवहार करता आले नाहीत तर गंभीर धरायचे ते नव्या संहितेत पंधरा दिवस झालं. म्हणजे "दात घशात घालीन" ही धमकी खरी केली तर ती थेट गंभीर दुखापतीत जाते. श्रीमुखात भडकावली तर बहुतेक साधी.

२८ जून

मारण्याची क्रियापदं कुठून आलीत ते लावत होतो. बरीचशी घरकामातून आणि शेतातून. धोपटणे आणि आपटणे धुण्याच्या दगडावरचं, झोडपणे धान्याचं, कुटणे उखळातलं, बडवणे ढोलाचं, तुडवणे चिखलाचं, सोलणे, ठेचणे, चेचणे. "चांगली कणीक तिंबली त्याची" म्हणजे बेदम मारलं. बुकलणे सरळ बुक्कीवरून, लाथाडणे लाथेवरून.

दुसरी खाण खाण्याची. मार खातात, मग खायला काय, धम्मकलाडू (पाठीत), चापटपोळी (गालावर), मुष्टिमोदक. पोलिसांचा "काठीचा प्रसाद", चोराचा "यथेच्छ पाहुणचार", "खरपूस समाचार". बातमीदारांना ही भाषा अजून प्रिय आहे, जमावाने कोणाला मरेस्तोवर मारलं तरी "चांगलाच चोप दिला" लिहितात आणि मला ते खटकतं. टीप घातलीय: खरा, गंभीर प्रसंग असेल तर प्रसाद, पाहुणचार, चोप, धुलाई वापरू नका, "मारहाण" लिहा. ह्यावर गटात दोन मतं झाली, एक काका म्हणाले तुम्ही भाषा धुवून काढताय. टीप ठेवली.

१ जुलै

छडीचा टॅब. छडी, वेत, रूळ, पट्टी (आडवी नाही, उभ्या धारेने, बोटांच्या पेरांवर), निरगुडीचा फोक. फोक म्हणजे ओली लवचिक काडी, सुकी काठी मोडते, फोक गुंडाळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी घातलीय, त्यामुळे आजच्या काळातल्या शाळेच्या सीनमधे हे शब्द आले तर ते आठवणीत, आजोबांच्या तोंडी किंवा गुन्हा म्हणून येतील. काळाचा एक छोटा कॉलम त्यासाठी.

घाव आणि वार शेवटी काढून टाकले नाहीत. घाव, संस्कृत घात पासून, लाकडावर, दगडावर, लोखंडावर पडतो, "टाकीचे घाव", "एक घाव दोन तुकडे". वार माणसावर आणि हत्यारानेच. फक्त "कमरेखाली वार" ह्याला हत्यार लागत नाही, बॉक्सिंगमधे पट्ट्याखाली मारायला बंदी आहे तिथून तो राजकारणात आला, पण आपल्याकडे ऐकणाऱ्याला दुर्योधनाच्या मांडीवरची भीमाची गदाच आधी आठवते असं माझं मत.

४ जुलै

शीट गटात टाकलं, संपादनाचे हक्क दोघांना दिले. लगेच एक शंका आली, सीनमधे आजी नातवाला फुंकणीने मारायला धावते, तो पळतो, फुंकणी दाराला लागते, काय लिहू? ऑडिओ वर्णनाला "ठण्णकन" सुचवलं आणि सबटायटल देऊ नका म्हटलं, आजीचं "थांब मेल्या" पुरेसं आहे.

ढुशी बैलाची आणि म्हशीची ठेवलीय, माणसाने डोक्याने मारली तरी चालेल. गचांडी मात्र ह्यात बसत नाही, मान धरून बाहेर काढणं आहे ते, लागत काहीच नाही, म्हणून ती, हिसका आणि रेटा हे तिन्ही "ढकलणे" नावाच्या वेगळ्या शीटमधे हलवले. ते शीट अजून कोणी अंगावर घेतलेलं नाही.